नकार मागायला गेलेली वरात

कॅलीना रिज, मॅनिटोबा, कॅनडा
२० जून २०१९

अराबामावशींना नमस्कार,

तुमची-माझी ओळख नाही. तरी मावशी म्हणते, कारण गेला हिवाळाभर माझ्या घरात तुमचं नाव असंच घेतलं जातं. "अराबामावशी म्हणते, पाहुण्याला आधी पाणी, मग चौकशी." "अराबामावशी म्हणते, जेवताना गाणं म्हणू नये." माझ्याच घरात मला जेवताना गाणं म्हणायची चोरी झाली आहे, म्हणजे बघा!

तुमचा भाचा कोबिना माझ्या वरच्या खोलीत राहतो. मी स्टेफानिया बोयचुक. गाव मला स्टेफी म्हणतं आणि कोबिना आजी म्हणतो. जन्मभर शाळेची बस चालवली. इंजिनाशेजारी बसून बसून एक कान गेला, त्यामुळे फोनवर मला समोरच्याचं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी माझ्या मनाने भरते. त्यातून पूर्वी भांडणं झाली आहेत. म्हणून हे पत्र. पत्ता तुम्ही त्याला पाठवलेल्या पार्सलवरून उतरवून घेतला. त्याला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

कोबिना शहरातल्या कॉलेजातून आमच्या रिंकवर काम शिकायला आला होता. रिंक म्हणजे छपराखालचं आमचं बर्फाचं मैदान. पोरं तिथे हॉकी खेळतात, म्हातारे दगड सरकवायचा खेळ खेळतात आणि कडेच्या बाकांवर गावातली लग्नं जमतात. बाहेर उणे तीसची थंडी असते तेव्हा सगळं गाव तिथेच असतं. तो बर्फ आजवर माझा दीर ओरेस्ट घालत आला. आता त्याचे गुडघे संपले. तोंड मात्र शाबूत आहे. बर्फ गोठवणारं यंत्र नीट शिकलेला माणूस नसेल तर रिंक उघडू देणार नाही, असं तपासणीवाले सांगून गेलेत. शेजारच्या गावाने एक हिवाळा रिंक बंद ठेवली. पुढल्या वर्षी तिथली शाळा हलली. आता तिथे धान्याची कोठारं आहेत आणि वारा आहे.

कोबिनाचं शिक्षण पुरं झालं. गावच्या पंचांनी त्याला ही नोकरी देऊ केली. ओरेस्ट, ज्याने आजवर कुणाला यंत्राच्या खोलीत चहासुद्धा पिऊ दिला नाही, तो म्हणाला, "पोराचा हात थंड आहे. बर्फाला असाच हात लागतो." त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. माझ्या पेरोगींचीही नाही.

पण नोकरीचं नाव काढलं की कोबिना म्हणतो, "मावशीला विचारतो," आणि विचारत काही नाही. तर मीच विचारते. पोरगा आमच्याकडे राहिला तर चालेल का?

तुमची,
स्टेफी बोयचुक


सेकोंडी, घाना
११ जुलै २०१९

स्टेफीबाई,

तुमचं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. समोर दोन गिऱ्हाइकं बांगड्यासाठी खोळंबली होती. एक म्हणाली, "अराबा, मासळी वितळतेय." मी म्हटलं, "वितळू दे, माझंही तेच चाललंय."

माझं दुकान गोठवलेल्या मासळीचं आणि कोंबडीचं. कोबिनाची आई माझी धाकटी बहीण. ती इस्पितळात नर्स, पाळ्यांची नोकरी. म्हणून हा पोरगा माझ्या बर्फाच्या पेटीवर बसून वाढला. त्याच पेटीवर गणितं सोडवायचा. वीज गेली की इतर पोरं नाचायची, हा मात्र यंत्राला कान लावून बसायचा. "मावशी, याचा श्वास थांबला." मी म्हणायची, "लेका, श्वास माझा थांबलाय, आत दीडशे कोंबड्या आहेत."

तो मला का विचारत नाही ते ठाऊक आहे. त्याला वाटतं मी म्हणेन, परत ये आणि माझं यंत्र सांभाळ. म्हणेनच! पण मनातल्या मनात. तोंडाने म्हणते, राहू दे त्याला. बंदरावरच्या सगळ्या बायकांना मी सांगून ठेवलंय की कॅनडातल्या लोकांना बर्फ घालायला आमचा कोबिना शिकवतो. आता हे शब्द गिळू कसे?

पण एक विचारते, राग मानू नका. त्याला जेवायला काय घालता? फोटोत गाल बसलेत. पेरोगी म्हणजे काय? त्यात मिरची असते का?

आणि महत्त्वाचं काम मंगळवारी काढू नका. मंगळवारी आमच्याकडे एकही होडी समुद्रात जात नाही, तो समुद्राच्या विश्रांतीचा दिवस. मी आणि कोबिना दोघंही मंगळवारचे जन्मलेले, आम्हाला तर तो पाळावाच लागतो.

तुमची,
अराबा क्वान्सा


कॅलीना रिज
१ ऑगस्ट २०१९

अराबामावशी,

तुमचा होकार वाचून दाखवला तेव्हा कोबिना माझ्यावर रागावला (चोरून पत्र लिहिलं म्हणून), मग हसला, मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ माझ्या बटाट्याच्या वाफ्याकडे बघत उभा राहिला. पेरोगी म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. मिरची नसते. तो वरून तुमची ती काळी तिखट शितो चटणी ओततो. ओरेस्टने परवा चाखून पाहिली. अजून बोलत नाहीये. घरात शांतता आहे, तेव्हा आणखी एक बरणी पाठवा.

एक छोटी अडचण झाली, पण तुम्ही काळजी करू नका. त्याचे शेवटचे गुण यायला उशीर झाला आणि तेवढ्यात त्याचा शिकायचा परवाना संपला. कामाचा अजून मिळालेला नाही. म्हणजे सध्या तो इथे नुसता पाहुणा. पाहुण्याने कामाला हात लावायचा नाही, असा कायदा. ओरेस्ट इतका घाबरलाय की त्याला पानासुद्धा धरू देत नाही. काल कोबिनाने नुसतं बोट दाखवून म्हटलं, "तो नट सैल आहे," तर ओरेस्ट ओरडला, "बोट खाली! बोट म्हणजे काम!"

आता गुण आलेत. घरबसल्या अर्ज केला तर उत्तराला कित्येक महिने लागतात, आणि आम्हाला बर्फ घालायला ऑक्टोबरात सुरुवात करावीच लागते. पण त्यावर इथे सगळे करतात तो सोपा उपाय आहे. मी त्याला गाडीत घालून अमेरिकेच्या नाक्यावर नेते. ते त्याला परत पाठवतील, की झालं काम.

तुमची,
स्टेफी


सेकोंडी
२० ऑगस्ट २०१९

स्टेफीबाई,

परत पाठवतील? परत पाठवतील, की झालं काम?

तुम्ही शाळेची बस चालवत होतात की पोरं पळवत होतात?

आमच्या गल्लीत ॲक्वा नावाची बाई टोमॅटो विकते. तिच्या मुलाला विमानतळावरून परत पाठवलं होतं. त्याला आता तीन मुलं आहेत, स्वतःचा ट्रक आहे, तरी अख्खा बाजार त्याला "रिटर्न" म्हणतो. त्याच्या बायकोला "मिसेस रिटर्न" म्हणतात. ॲक्वाने लाजेने दुकान बाजाराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. आणि तू मला पत्रातून गोड गोड सांगतेस की माझ्या पोराला मुद्दाम नेऊन, दारात उभा करून, हाकलून घेणार? तेही छोटी अडचण म्हणून? बटाट्याच्या आणि शितोच्या गप्पा झाल्यावर, पत्राच्या शेवटी?

मी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना ठेवली आहे. बायका उपास करताहेत. आणि मी त्याला फोन करून बजावलंय: नाक्याच्या वाऱ्याला जरी उभा राहिलास तर मी तुझी मावशी नाही. काही तरी समजावत होता. मी फोन ठेवला.

अर्ज करून घरात बसू दे त्याला. महिने लागले तर लागू देत. बर्फ एक वर्ष थांबेल. नाव गेलं की येत नाही.

अराबा


कॅलीना रिज
६ सप्टेंबर २०१९

अराबा,

रागाच्या भरात मला "तू" म्हणालीस ते बरं केलंस. ज्या बाईने मला पोरं पळवणारी ठरवलं, तिला अहो-जाहो काय करायचं? आता मीही "तू" म्हणणार.

चूक माझी. आमच्याकडे ही गोष्ट इतकी रोजची आहे की पत्र हातात घेऊन तू कशी बसशील याचा विचारच केला नाही. पण तुझ्या फोनने काय केलंय तेही ऐक. कोबिना जेवतो, भांडी घासतो, माझ्या कोंबड्यांना नावं ठेवतो, पण नाक्याचं नाव काढलं की एकच वाक्य: "मावशी नाही म्हणाली." मी समजावलं. पंचांच्या प्रमुखाने समजावलं. पाद्रीबाबांनी समजावलं. "मावशी नाही म्हणाली." ओरेस्ट म्हणतो, अशी मावशी आपल्या पंचायतीत हवी होती.

परवा रिंकची सभा झाली. ठरलं असं की कोबिनाच्या हाती परवाना आला तर बर्फ घालायचा. ऑक्टोबर सरेपर्यंत नाही आला, तर यंत्रातला वायू काढून कुलूप लावायचं. तू म्हणतेस बर्फ एक वर्ष थांबेल. बर्फ थांबेल गं, गाव थांबत नाही. हॉकीची पोरं दुसऱ्या गावाला जातील, त्यांच्यामागे आयाबाप जातील. आणि कुलूप लागलं की कोबिनाला द्यायला नोकरीच उरत नाही. मग तो शहरात जाऊन पिझ्झा पोचवील. आमच्या चढावरच्या पेट्रोल पंपावर एक शिकलेला इंजिनियर आहेच, आणखी एक नको.

आता नीट सांगते, आणि तू मला मध्ये तोडू नकोस.

सरहद्दीवर दोन नाके असतात. पलीकडे त्यांचा, अलीकडे आमचा. आमच्या नाक्यावरचा साहेब कामाचा परवाना तिथल्या तिथे देऊ शकतो, पण फक्त बाहेरून येणाऱ्याला. कोबिना तर आधीच आत आहे. मग त्याने बाहेर जायचं कुठे? म्हणून तो अमेरिकेच्या दारापर्यंत जातो. ते विचारतात, व्हिसा आहे? हा म्हणतो, नाही. ते म्हणतात, मग परत जा. तसा कागद देतात. गाडी त्यांच्या झेंड्याच्या खांबाला वळसा घालते आणि आमच्या नाक्यावर येते. आता तो बाहेरून आला! साहेब कागद तपासतो आणि सगळं ठीक असेल तर परवाना देतो. वृद्धाश्रमातली आमची फिलिपिनो नर्स असंच करून आली. पेट्रोल पंपावरचा तो पंजाबी मुलगाही. त्यांना कुणी "रिटर्न" म्हणत नाही. उलट आल्यावर केक कापतात.

खुळचट रीत आहे, कबूल. पण खुळचट असली तरी रीत आहे. तू फोन कर. तुझ्या एका शब्दावर सगळं अडलंय.

तुझी,
स्टेफी


सेकोंडी
२५ सप्टेंबर २०१९

स्टेफी, माझ्या बहिणी,

तुझं पत्र घेऊन मी एग्या बेंत्सिलकडे गेले. हे आमच्या घराण्याचे ओच्यामे, म्हणजे घराच्या वतीने बोलणारा माणूस. आमच्याकडे मोठ्या प्रसंगी घरचे लोक स्वतः बोलत नाहीत, हातात काठी घेऊन ओच्यामे बोलतो. वय इतकं की दात पाण्यात आणि बुद्धी तोंडात. त्यांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि असे हसले की मला त्यांची पाठ चोळावी लागली. म्हणाले, "अराबा, तू एवढी लग्नं लावलीस आणि तुला कळलं नाही? हे तर दार ठोठावणं आहे!"

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे मुलीला मागणी घालायला जातात त्याला दार ठोठावणं म्हणतात. मुलाकडचे दारात येतात. मुलीकडचे त्यांना ओळखत असूनही विचारतात, "कोण तुम्ही? वाट चुकलात का?" मुलाकडचा ओच्यामे म्हणतो, "आम्ही एक फूल पाहिलंय, ते न्यायला आलो." मुलीकडचे म्हणतात, "आमच्याकडे फुलंबिलं नाहीत, जा." परत पाठवतात! पुन्हा ठोठावलं की वेगळीच मुलगी आणून उभी करतात, हसतात, दंड मागतात. आणि मग खरं दार उघडतं. पहिल्याच ठोक्याला उघडलं तर लोक म्हणतील, मुलीत काही खोट आहे.

माझ्या नवऱ्याला माझ्या बापाने तीनदा परत पाठवला होता. त्याला कुणी "रिटर्न" म्हटलं नाही. मीच कधी कधी म्हणते.

तेव्हा जा. कोबिनाला मी फोन केला आहे. पोरगा इतका आनंदला की इंग्रजी विसरला. पण जायचं तर रीतीने जायचं:

तुमचा ओच्यामे ओरेस्ट असू दे. बोलेल तोच. कोबिनाने तोंड उघडायचं नाही, नवरामुलगा बोलत नसतो. ओरेस्टच्या हातात काठी हवी. कोबिनाने मी दिलेलं कापड खांद्यावरून घ्यायचं. आणि रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही. श्नॅप्स दारूची एक बाटली न्या. ती दिल्याशिवाय ठोठावलं असं होतच नाही.

मंगळवार सोडून कधीही.

तुझी,
अराबा


कॅलीना रिज
३ नोव्हेंबर २०१९

अराबा, अगं,

शेवट काय झाला ते कोबिनाने तुला फोनवर सांगितलं असेलच. पण शेवट काय, कुणीही सांगतो. मधलं माझ्याकडून ऐक.

२४ तारखेच्या गुरुवारी निघालो. मी गाडी चालवायला, शेजारी ओरेस्ट, मागे कोबिना. अंगात हिवाळी कोट आणि त्याच्यावरून तुझं निळं-पिवळं कापड. बर्फाळ शेतांमधून चाललेल्या गाडीत तो असा काही दिसत होता की एका ट्रकवाल्याने भोंगा वाजवून सलाम केला. ओरेस्टला काठी कुठून आणायची? त्याने दगडाच्या खेळातला आपला जुना झाडू आणला, बर्फ घासायचा. म्हणाला, "हा धरून मी प्रांताचं अजिंक्यपद मिळवलंय, तुमच्या एग्याच्या काठीने काय मिळवलंय?" बाटली माझ्या मांडीवर. माझ्या हातचा कोलाच पावही होता, कारण तू रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणालीस आणि मला एका बाटलीने हात भरल्यासारखा वाटेना.

अमेरिकेचा नाका. काचेतून एक उंच, कोवळा अधिकारी वाकून बघतो.

"कुठे निघालात?"

ओरेस्टने खाकरून झाडू उभा धरला. "साहेब, आम्ही कुठेच निघालेलो नाही. आम्ही आपल्या दारात आलो आहोत. आम्हाला आत घेऊ नका, एवढीच विनंती."

तो पोरगा बघतच राहिला. "परवान्यासाठी वळसा?"

"तेच."

"सकाळपासून तुम्ही चौथे. पण झाडू घेऊन आलेले पहिलेच." त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं गं! इथवर सगळं छान चाललं होतं. आणि मी काय करावं? खिडकीतून बाटली पुढे केली आणि म्हटलं, "ही तुमच्यासाठी."

हसू गेलं.

"बाई, ही माझ्यासाठी?"

"हो. आणि पावही."

"सरकारी माणसाला, कामाच्या जागी, दारूची बाटली?"

आता बघ, मी आयुष्यभर या रस्त्याने ये-जा केलेली बाई. नाक्यावर एक सफरचंद लपवायचं नाही हे मला पाठ. पण तू रीत सांगितलीस आणि मी रीतीच्या भरात विसरले की दुसऱ्या बाजूने बघितलं तर याला लाच म्हणतात. हात दाखवून अवलक्षण! गाडी बाजूला घ्यायला लावली. आम्हाला आत बाकावर बसवलं. झाडू काढून घेतला. ओरेस्ट कुजबुजला, "तुझ्या पावामुळे झालं." मी म्हटलं, "तुझ्या झाडूमुळे." कोबिनाचा चेहरा बघवेना. लाच देण्याचा शिक्का त्याच्या नावावर बसला असता तर आमच्या नाक्यावरच्या साहेबाने तो वाचलाच असता. मग परवाना कसला आणि रिंक कसली. मला वाटलं, पोराला मी पिझ्झा पोचवायलासुद्धा शिल्लक ठेवलं नाही.

मग त्यांची मोठी बाई आली. माझ्याच वयाकडे झुकलेली, गहू पिकवणाऱ्या घरातली असावी, हात सांगत होते. बाटली टेबलावर ठेवून म्हणाली, "हं, सांगा. कुणाची कल्पना?"

ओरेस्ट उठला. "आमच्या घराण्याच्या वतीने," त्याने सुरुवात केली, आणि त्यापुढे त्याला काही सुचेना. माझ्या दिराला! ज्याने पाद्रीबाबांनाही मध्ये बोलू दिलं नाही कधी!

तेव्हा कोबिना उभा राहिला. अराबा, तू त्याला तोंड उघडायचं नाही म्हणाली होतीस, त्याने तुझा शब्द मोडला. त्याला रागावू नकोस. त्याने खांद्यावरचं कापड नीट केलं आणि सावकाश म्हणाला, "मॅडम, कल्पना माझ्या मावशीची. आमच्याकडे कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जाणं म्हणजे त्या घराचा अपमान. ही बाटली तुमचं उत्तर विकत घ्यायला नाही. आमच्याकडे ती उत्तर मिळाल्यावर उघडतात, उत्तर कसंही असो. तुम्ही 'नाही' म्हणा, आम्ही त्याचाच मान करायला आलो आहोत. तुम्हाला ती घेता येत नाही हे मला आधी कळायला हवं होतं. चूक माझी, या दोघांची नाही. ही म्हातारी माणसं आहेत."

"म्हातारी कोण?" ओरेस्ट आणि मी एकदमच म्हणालो.

त्या बाईला हसू फुटलं बघ! खुर्चीला धरून हसली. म्हणाली, "इतकी वर्षं लोकांना परत पाठवतेय. शिव्या मिळाल्या, रडणी मिळाली. 'नाही'चा मान करायला कुणी आलं नव्हतं." मग तिने चेहरा सरळ केला, ताठ बसली आणि अगदी तुमच्या मुलीकडच्या माणसासारखी म्हणाली, "तरुण माणसा, तुझ्याकडे व्हिसा नाही. या घराचं उत्तर 'नाही' आहे. हा कागद घे. बाटली उचल आणि घरी जाऊन उघड." कोलाच पावाकडे मात्र तिने जरा जास्तच वेळ बघितलं. पण घेतला नाही. नियम म्हणजे नियम.

खांबाला वळसा घातला. आमचा नाका. इथे मी शहाणी झाले होते. साहेबाने तोंड उघडायच्या आत सांगितलं, "एक बाटली, एक पाव, एक झाडू. काहीही तुमच्यासाठी नाही!" साहेबाने कोबिनाचे सगळे कागद उलटून उलटून बघितले, कॉलेजचं पत्र, गुण, पंचांचं पत्र. बराच वेळ आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात परवाना, तीन वर्षांचा. म्हणाला, "कॅलीना रिज ना? माझा भाऊ तिथे हॉकी खेळायला येतो. बर्फ कधी?"

कोबिना परवान्यावरचं आपलं नाव वाचत होता. ओच्यामेला वाचा फुटली. "तुम्ही आम्हाला सोडाल त्या क्षणी!" ओरेस्ट म्हणाला.

आणि तसंच झालं. त्याच संध्याकाळी यंत्र सुरू केलं. ओरेस्टने त्याच्या हातात पाना दिला, असा दिला जसा काही राजदंड. बाटली तिथेच उघडली. कोबिनाने पहिले थेंब जमिनीवर ओतले, वाडवडिलांसाठी. ओरेस्ट म्हणाला, "आमचे वाडवडीलही तहानलेले असतील," म्हणून त्यांच्यासाठीही ओतले. मग आठवडाभर पाण्याचे पातळ पातळ थर. एक गोठला की दुसरा. घाई केली की बर्फ तडकतो. कोबिना खाली वाकून हात टेकवायचा, ऐकायचा, पुढे सरकायचा. लोक जेवणं घेऊन नुसते बघायला येत.

काल रिंक उघडली. आमची रीत अशी की पहिला फेरा बर्फ घालणाऱ्याचा. सगळं गाव कडेला उभं. ओरेस्ट दारापर्यंत गेला आणि बाजूला झाला. म्हणाला, "बर्फ त्याचा, फेरा त्याचा." पोरांनी कोबिनाच्या पायात स्केट बांधले. अराबा, तुझ्या भाच्याने गावातला सगळ्यात गुळगुळीत बर्फ घातला आहे, आणि तो त्यावर पहिल्याच पावलाला आडवा झाला. सपशेल! हात-पाय पसरून! मग त्याने पडल्या पडल्याच बर्फावर मूठ आपटली आणि ओरडला, "पक्का आहे!"

रिंकचं छप्पर उडालं नाही हेच नवल.

तुझी,
स्टेफी


सेकोंडी
२२ नोव्हेंबर २०१९

स्टेफी,

तुझ्या पत्राआधी कुणी तरी काढलेलं ते चित्रीकरण इथे पोचलं होतं. माझ्या दुकानात आता मासळी घ्यायला कमी आणि कोबिना पडताना बघायला जास्त गर्दी असते. मी आधी बांगडा विकते, मग दाखवते. ॲक्वा बाजाराच्या त्या टोकाहून चालत आली. तीनदा बघितलं आणि म्हणाली, "अराबा, पोराला बर्फ घालता येतो, पण चालता येत नाही गं."

एग्या बेंत्सिलना तुझं पत्र वाचून दाखवलं. नवरामुलगा बोलला हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग तो काय बोलला ते ऐकलं. काठी मांडीवर आडवी घेतली. नंतर म्हणाले, "माझ्यानंतर काठी कुणाला द्यायची याची मला काळजी होती. आता पोरगा तिकडे अडकला, ही नवीन काळजी."

कोबिनाने फोनवर माफी मागितली. पडल्याबद्दल. लाज आणली म्हणाला.

मी त्याला सांगितलं, वेड्या, कसली लाज? परक्याच्या दारात पडलास तर लाज. तू पडलास ते तुझ्या कामाच्या जागी, तू स्वतः घातलेल्या बर्फावर, तुझ्या गावासमोर. तिथून आता तुला कुणी हात धरून बाहेर काढत नाही. हात धरतील तो उठवायला. कागदावर तीन वर्षं लिहिली आहेत, रोज एकदा पड. शिकशील.

तुझी बहीण,
अराबा